पद सुटल्यानंतर



सेवानिवृत्तीचा दिवस थाटामाटाने साजरा होतो. शाल, श्रीफळ, पुष्पहार, सहकाऱ्यांची भाषणे, सर्वांचे मिळून एक छायाचित्र आणि ‘उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो’ अशा शुभेच्छा. त्यानंतरचे काही आठवडे खरोखरच आनंदात जातात. राहून गेलेली तीर्थयात्रा घडते, लेकीच्या घरी चार दिवस राहणे होते, घराची रंगरंगोटी होते, पेन्शनचे आणि बँकेचे कागद मार्गी लागतात. मग एका सकाळी स्नान, देवदर्शन, वर्तमानपत्र हे सारे नऊच्या आत आटोपते आणि ध्यानात येते की, आता संध्याकाळपर्यंत कोठेही कोणी वाट पाहत नाही. घरच्यांनी विचारले तर उत्तर एकच येते : ‘करमत नाही.’

या दोन शब्दांकडे समाज फारशा गांभीर्याने पाहत नाही. खाण्यापिण्याची ददात नाही, मुले आपापल्या मार्गाला लागली, मग दुःख कसले, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्यामुळे ज्याला करमत नाही तोही मनातले बोलून दाखवण्यास संकोचतो. वास्तविक हा प्रश्न किरकोळ नाही. भारतात साठीला पोहोचलेल्या माणसाला सरासरी आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य लाभते. पहिलीच्या वर्गात बसलेले मूल पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडते, एवढा हा काळ आहे. एवढी वर्षे ‘वेळ घालवण्या’साठी नसतात.

निवृत्तीचे ठरावीक वय ही गोष्टही फार जुनी नाही. जर्मनीत १८८९ मध्ये वार्धक्य विम्याचा कायदा झाला तेव्हा निवृत्तिवेतनासाठी ७० वर्षांची मर्यादा ठेवण्यात आली आणि १९१६ मध्ये ती ६५ वर आली. भारतात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० करण्यात आले. म्हणजे ही रेषा शासनव्यवस्थेच्या सोयीने आखलेली आणि वेळोवेळी सरकवलेली आहे. अमुक तारखेपर्यंत माणूस उपयुक्त आणि दुसऱ्या दिवसापासून निरुपयोगी, असा निवाडा त्या तारखेने दिलेला नसतो. तरीही अनेकजण तो निवाडा स्वतःच स्वतःला सुनावतात.

प्रश्न असा आहे की, निवृत्तीनंतर माणसाला नेमकी कशाची उणीव भासते? ज्या फायलींना तो कंटाळला होता, काउंटरवरच्या ज्या गर्दीने डोके दुखत होते, वर्गातला जो गोंगाट नकोसा झाला होता, त्याचीच आठवण त्याला का यावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका जुन्या अभ्यासाचा उपयोग होतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाचे एक गाव होते. सारे गाव एका कापड गिरणीवर जगत असे. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ संपूर्ण गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी तेथील जीवनाची बारकाईने पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. अपेक्षा अशी होती की, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक अधिक वाचतील, सभा-संमेलनांना अधिक येतील. घडले उलट. गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची गती मंदावली. ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. सकाळपासून काय केले, हे त्यांना नीट सांगता येईना. स्त्रिया मात्र झपाझप चालत होत्या, कारण घरातली कामे त्यांच्या हातून सुटलेली नव्हती.

मारियनथालचे लोक निवृत्त नव्हते. दारिद्र्याचे मोठे ओझे त्यांच्यावर होते. पेन्शनधारकाची स्थिती तशी नसते, हे खरे. परंतु याच अभ्यासाच्या आधारे पुढे याहोदा यांनी जे मांडले ते निवृत्तांनाही लागू पडते. त्यांचे म्हणणे असे की, नोकरी पगार तर देतेच, पण त्याबरोबर पाच गोष्टी न मागता देत असते : दिवसाला वेळेची चौकट, कुटुंबाबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांच्या सामायिक उद्दिष्टात वाटा, समाजात एक ओळख आणि नियमित हालचाल. पगाराची जागा पेन्शन घेते. उरलेल्या पाच गोष्टींची जागा भरण्याची व्यवस्था कोणतेही कार्यालय करत नाही.

‘करमत नाही’ या एका वाक्याच्या पोटात म्हणूनच पाच निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचे औषध वेगळे असते. ज्याला माणसांची उणीव भासते त्याला घरी एकट्याने वाचायला ग्रंथ आणून दिले तर त्याचे समाधान होणार नाही. ज्याला आपण कोणाच्या उपयोगी पडत नाही याचे दुःख आहे, त्याचे मन सहलींनी रमणार नाही. ज्याचा दिवस विस्कटला आहे, त्याला आधी घड्याळ हवे. निवृत्त माणसाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो हाच : या पाचांपैकी माझे काय हरवले आहे?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचले यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीच्या अवस्था सांगितल्या. सुरुवातीला नवलाईचा आनंद, त्यानंतर भ्रमनिरास, मग नव्याने जुळवाजुळव आणि अखेरीस स्थैर्य, असा तो क्रम आहे. प्रत्येकजण या सर्व पायऱ्या चढतोच असे नाही. परंतु भ्रमनिरासाची अवस्था अनेकांच्या वाट्याला येते आणि ती ओलांडताही येते, एवढे ठाऊक असले तरी धीर येतो. मात्र झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच रस उरला नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर तो वयाचा परिणाम समजून सोडून देऊ नये. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

या विषयाची दुसरी बाजू घरात आहे. पती निवृत्त होतो तेव्हा पत्नीचे काम संपत नाही. पुष्कळदा ते वाढते. आजवर दुपारचे चार तास तिचे स्वतःचे होते. त्या वेळात शेजारणींची भेट होई, स्वाध्याय होई, घटकाभर विश्रांती मिळे. आता दर तासाला चहाची विचारणा होते, भाजी महाग का आणली याची चौकशी होते, डब्यांच्या मांडणीत सुधारणा सुचवल्या जातात. कार्यालयात चाळीस माणसांवर देखरेख करण्याची सवय लागलेला माणूस नकळत स्वयंपाकघराचा अधीक्षक होऊ पाहतो. निवृत्ती एकाची झाली, पण दिवस दोघांचा बदलला, हे त्याने ओळखले पाहिजे. घरकामाचा एखादा भाग त्याने सल्ला न देता, रोजच्या रोज स्वतःच्या हाताने करावा. त्यातून त्याचा दिवसही मार्गी लागतो. शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून म्हणून निवृत्त झालेल्या भगिनींची स्थिती याहून बिकट असते. एक नोकरी संपताच नातवंडे, स्वयंपाक आणि आजारपणे यांची दुसरी नोकरी त्यांच्यावर सोपवली जाते. त्यांनाही जुन्या मैत्रिणी, वर्ग, रुग्णालय यांची आठवण येत असते. ती कोणी विचारत नाही.

नोकरदारांचे असे, तर व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे काय? त्यांना निवृत्तीची तारीख कोणी कळवत नाही. दुकान मुलाच्या नावावर होते, पण गल्ल्याची किल्ली वडिलांच्या कनवटीला राहते. पेढीवर मुलगा बसतो, पण गिऱ्हाइकाला भाव सांगताना तो आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. शेतात कोणते पीक घ्यायचे हे सून-मुलगा ठरवतात आणि बांधावर उभे राहून सासरे ते बदलतात. येथे काम सुटलेले नसते, तरी समाधानही नसते. वडिलांना वाटते, मान राहिला नाही. मुलाला वाटते, विश्वास नाही.

या बाबतीत श्रावकाचाराने फार पूर्वी बारकाईने विचार केलेला दिसतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. दिगंबर परंपरेतील या क्रमात आठवी प्रतिमा आरंभत्यागाची, नववी परिग्रहत्यागाची आणि दहावी अनुमतित्यागाची आहे. आरंभत्यागात सेवा, शेती, व्यापार यांसारखे उद्योग थांबतात. परिग्रहत्यागात धनसंपत्तीवरील ममत्व सुटते. अनुमतित्यागात प्रपंचाच्या व्यवहाराला संमती देणेही थांबते. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. आधी काम सुटते, मग मालकी सुटते आणि सर्वांत शेवटी सल्ला देण्याची सवय सुटते, कारण सोडायला तीच सर्वांत कठीण आहे. व्यवहारात अनेकांच्या हातून काम आणि मालकी सुटते, पण ‘माझ्या मताने व्हावे’ हा आग्रह सुटत नाही. घराघरांतील बहुतेक कुरबुरी येथेच उगवतात.

प्रतिमा हे व्रत आहे आणि ते घेणे ही प्रत्येकाच्या शक्तीची व भावनेची बाब आहे. सरकारी नियमाने आलेली निवृत्ती म्हणजे आरंभत्याग नव्हे, हेही स्पष्ट आहे. परंतु या क्रमातून संसारी माणसाला दोन बोध सहज घेता येतात. पहिला असा की, सोडणे एका दिवसात होत नाही. त्याला पायऱ्या असतात. दुकान सोपवायचे तर आधी खरेदी सोपवावी, मग हिशेब, मग किल्ली आणि अखेरीस भाव ठरवण्याचा अधिकार. मालमत्ता सोपवताना सावधपणाही हवा. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासंबंधी २००७ मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते. म्हणून अशी अट दस्तऐवजात स्पष्ट लिहून घ्यावी. प्रेमाच्या व्यवहारातही कागद स्वच्छ असला की प्रेम टिकते.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. याच क्रमात तिसरी प्रतिमा सामायिकाची आणि चौथी प्रोषधाची आहे. म्हणजे उद्योग सोडण्याची पायरी येण्याच्या पुष्कळ आधी, नियत वेळी शांत बसण्याची आणि पर्वदिवशी संयमाने राहण्याची सवय अंगी मुरलेली असावी, अशी ही रचना आहे. जुने सुटण्यापूर्वी नवे रुजलेले असले पाहिजे. निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या हाताने नवे काम शोधायला निघणाऱ्याची जी ओढाताण होते, तिचे कारण हे रुजवण राहून गेलेले असते.

महाराष्ट्रातील काही थोर निवृत्तांची चरित्रे पाहिली तर हीच गोष्ट दिसते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोदे संस्थानच्या सेवेत होते. राजपुत्रांना शिकवणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. १९२५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि पुणे जिल्ह्यातील कामशेत या लहान गावी जाऊन राहिले. त्यानंतर १९३० पासून अवघ्या काही वर्षांत त्यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत त्यांनी १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. परंतु या कार्याचा प्रारंभ कामशेतला झालेला नाही. मराठी रियासतीचे लेखन त्यांनी नोकरीत असतानाच हाती घेतले होते. निवृत्तीने त्यांना नवे काम दिले नाही; हाती असलेल्या कामाला मोकळीक दिली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरणही असेच आहे. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते विद्यापीठाच्या कार्यासाठी परदेश दौऱ्यावर निघाले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. पण विधवांसाठीचा आश्रम १८९६ मध्ये आणि महिला विद्यालय १९०७ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते महाविद्यालयात रोज तास घेत होते.

समाजाला अधिक जवळचे नाव डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी अर्धमागधी शिकवली. निवृत्तीनंतर त्यांचे संपादनकार्य थांबले नाही. उद्द्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथाच्या त्यांच्या संपादनाचा दुसरा भाग १९७० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले.

यावर सहज आक्षेप येईल की, ही माणसे असामान्य होती. तालुक्याच्या गावी बँकेत किंवा कचेरीत आयुष्य घालवलेल्या सामान्य माणसाने काय करावे? आक्षेप रास्त आहे. सर्वांनी पंचेचाळीस खंड संपादित करावेत अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. घ्यायचे ते एवढेच की, नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षे हा पेरणीचा काळ आहे. शिवाय प्रत्येक व्यवसायात माणसाच्या हाती एक कसब आलेले असते. पद निवृत्त होते, कसब होत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्याला कर्जाचे अर्ज आणि विम्याचे दावे यांची भाषा कळते. ती भाषा न कळणारी दहा माणसे त्याच्या गल्लीतच असतात. शिक्षकाला वसतिगृहातील मुलांचे गणित आणि इंग्रजी घेता येते. परिचारिकेला घरोघरच्या आजारी वृद्धांची शुश्रूषा कशी करावी हे शिकवता येते. तलाठ्याला सात-बारा वाचून दाखवता येतो. मोडी जाणणाऱ्याला जुन्या चोपड्या आणि दस्त उलगडता येतात. मंदिरातील हस्तलिखितांची सूची करायला सुवाच्य अक्षर, चिकाटी आणि दुपारचे दोन तास लागतात, आणि तिन्ही गोष्टी निवृत्तांजवळ असतात.

जपानमध्ये १९७० च्या दशकात टोकियोत ज्येष्ठांसाठी एका केंद्राची सुरुवात झाली आणि पुढे ती कल्पना देशभर पसरली. या केंद्रांत निवृत्त लोक नाव नोंदवतात आणि त्यांना बागेची निगा, दुरुस्ती, लेखनिकाचे काम अशी थोड्या वेळाची कामे मिळतात. मोबदला माफक असतो. नियमितपणा, सोबत आणि आपण हवे आहोत ही जाणीव हे त्याचे खरे मोल आहे. अशी नोंद कोणत्याही समाजाला एका वहीत करता येईल. एका बाजूला निवृत्ताचे नाव, त्याचे कसब आणि आठवड्यातील किती तास तो देऊ शकेल याची माहिती. दुसऱ्या बाजूला गरजू कुटुंबे, वसतिगृहे, ग्रंथालये यांची कामे. त्या वहीसाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. ती आठवड्यातून एकदा उघडून पाहणारा एक निवृत्त माणूस तेवढा लागतो.

मात्र येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. निवृत्त माणूस समाजकार्यात येतो तेव्हा पुष्कळदा तो काम शोधत नसतो, गमावलेली खुर्ची शोधत असतो. मग संस्थेचे कार्यालय हे त्याचे नवे ऑफिस होते, कार्यकर्ते हे त्याचे कर्मचारी होतात आणि तरुण मंडळी हळूहळू येईनाशी होतात. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह वस्तूत न मानता आसक्तीत मानला आहे. त्या अर्थाने पद हाही परिग्रहच आहे, आणि मानद पद हा त्यातला अधिक सूक्ष्म परिग्रह, कारण त्यात सेवेचे समाधान आणि सत्तेची गोडी एकमेकांत मिसळलेली असतात. त्यासाठी कसोटी सोपी आहे. उद्या फलकावरून नाव काढले, व्यासपीठावर जागा ठेवली नाही, तरीही हे काम करावेसे वाटेल का? उत्तर होकारार्थी असेल तर ते काम शेवटपर्यंत साथ देईल. नसेल तर ही दुसरी नोकरी आहे आणि तिच्यातूनही एक दिवस निवृत्त व्हावे लागेल. तेव्हाचे दुःख पहिल्याहून मोठे असेल.

समाजानेही आपला वाटा उचलावयास हवा. निवृत्ताला सत्कारापेक्षा निमंत्रण अधिक हवे असते. ‘या, बसा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘या, हे काम तुमच्यावाचून अडले आहे’ असे म्हणणारा क्वचित भेटतो. मुला-सुनांनीही ‘आता तुम्ही काही करू नका, आराम करा’ हे प्रेमाने उच्चारलेले वाक्य जपून वापरावे. ऐकणाऱ्याला त्यातून ‘आता तुमची गरज नाही’ असेच ऐकू येते.

निवृत्तीनंतर कामाची आठवण येणे हा दोष नाही. ज्याने मनापासून काम केले त्यालाच ती येते. त्या आठवणीतून आपल्याला काय हवे आहे हे ओळखावे, ते लहान प्रमाणात आणि ठरलेल्या वेळी मिळवावे, हातातले टप्प्याटप्प्याने पुढच्या पिढीकडे द्यावे आणि दिल्यावर मागे वळून पाहू नये. ज्या बंधु-भगिनींच्या निवृत्तीला अद्याप पाच वर्षे आहेत त्यांनी पेरणी याच वर्षी करावी. ज्यांची तारीख उलटून गेली आहे त्यांनी या आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवावी, आणि त्या वेळी कोणा एकाला आपली वाट पाहावीशी वाटेल असे एखादे काम हाती घ्यावे.